आईबापाला दुसऱ्या देशाच्या ताब्यात देताना लेकरांचं कोण बघतं?

ताराराणी_चौक | रविवार, सकाळी १०:४०

नमस्कार. मी कोल्हापुरात बावीस वर्षं वकिली करते. बहुतेक कामं कौटुंबिक, थोडी फौजदारी. पक्षकाराची ओळख पटू नये म्हणून खालच्या मजकुरात गाव, वयं, धंदा असे तपशील बदलले आहेत.

मागच्या महिन्यात एक आजी ऑफिसात आल्या. कापडी पिशवीत कागदांची चळत आणि त्या चळतीत दोन नातवंडांचे शाळेच्या गणवेशातले फोटो. मुलगी आणि जावई इंग्लंडात असतात. इथं फर्म काढून ठेवी गोळा केल्या, परतावा थांबला, गुन्हा दाखल झाला. कागदांवर मुलीच्याही सह्या आहेत. आता भारतानं दोघांच्याही प्रत्यर्पणाची, म्हणजे त्यांना इथं आपल्या ताब्यात देण्याची, मागणी केली आहे. नातू नऊ वर्षांचा, नात चार वर्षांची. जामीन मिळेल का, केस किती वर्षं चालेल, हे लोक पहिल्यांदा विचारतात. आजींनी विचारलं, "वकीलताई, दोघांना एकदम आणलं तर पोरांना कोण आणणार? का ती तिथंच राहणार?"

मला उत्तर देता आलं नाही. मग दोन रविवार बसून वाचलं.

ब्रिटनचा प्रत्यर्पण कायदा २००३ चा. इंग्लंड आणि वेल्समधली अशी सगळी प्रकरणं लंडनच्या वेस्टमिन्स्टर मॅजिस्ट्रेट्स कोर्टात सुरू होतात. भारताची मागणी असेल तर कलम ८७ प्रमाणे न्यायाधीशाला ठरवावंच लागतं की या माणसाला पाठवल्यानं युरोपीय मानवी हक्क करारातल्या हक्कांना धक्का लागतो का. त्या कराराचं आठवं कलम कुटुंबाबद्दल आहे. आणि कुटुंबात आरोपी एकटा येत नाही, त्याची मुलंही येतात.

२० जून २०१२ ला तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं तीन पालकांच्या अपिलांवर एकत्र निकाल दिला. एक जोडपं इटलीला हवं होतं. अमली पदार्थांच्या तस्करीत शिक्षा झालेली आणि घरी तीन मुलं. तिसरी एक आई, ती पोलंडला हवी होती. गुन्हे फसवणुकीच्या प्रकारचे, बरेच जुने, फार मोठे नाहीत, आणि मुलं पाच. पोलंडच्या आईला पाठवायचं नाही असं ठरलं. इटलीच्या जोडप्यातल्या दोघांनाही पाठवायचं ठरलं. वडिलांच्या बाबतीत सात न्यायाधीशांपैकी एकट्या लेडी हेल यांनी विरोधात मत दिलं, कारण आईची अवस्था बरी नव्हती आणि मुलांचं सगळं तेच बघत होते.

म्हणजे मुलं आहेत म्हणून सुटका, असं तिकडंही नाही. गुन्हेगाराला कायद्यापुढं आणण्यात समाजाचं हित आहे आणि त्याला मोठं वजन आहे, हे त्या निकालात स्पष्ट आहे. गुन्हा गंभीर असेल तर वजन वाढतं, सरकारनं वर्षानुवर्षं उशीर लावला असेल तर कमी होतं. पण मुलांचं हित हा प्राथमिक महत्त्वाचा मुद्दा आहे आणि तो तपासल्याशिवाय पुढं जायचं नाही, हेही त्यात आहे. न्यायाधीशाकडं मुलांची माहिती अपुरी असेल तर ती मागवायला हवी.

मग मी आपला १९६२ चा प्रत्यर्पण कायदा उघडला. समजा उलट झालं. एखाद्या देशानं इचलकरंजीतल्या एका आईची मागणी केली. केंद्र सरकार मॅजिस्ट्रेटला चौकशीचा आदेश देतं, आणि ही चौकशी बहुतेक वेळा दिल्लीत पटियाला हाउस कोर्टात चालते. गुन्हा प्रत्यर्पणात बसतो का, राजकीय स्वरूपाचा तर नाही ना, सकृद्दर्शनी पुरावा आहे का, एवढं मॅजिस्ट्रेट बघतो. बसला की बाई तुरुंगात आणि अहवाल सरकारकडं. कलम ३१ मध्ये कोणाला सोपवायचं नाही ते दिलं आहे. त्यात लेकरांचा कुठं उल्लेख नाही. कलम २९ प्रमाणे सोपवणं अन्यायकारक किंवा अनुचित वाटलं तर केंद्र सरकार सोडू शकतं, पण ती सरकारची मर्जी. संयुक्त राष्ट्रांचा बाल हक्क करार आपण ११ डिसेंबर १९९२ ला स्वीकारला. मुलाशी संबंधित प्रत्येक निर्णयात, न्यायालयाच्या निर्णयातसुद्धा, त्याच्या हिताला प्राथमिक महत्त्व, हे त्याच्या तिसऱ्या कलमात लिहिलं आहे. तरी आपल्या प्रत्यर्पणाच्या कायद्यात हा प्रश्न विचारायला जागाच ठेवलेली नाही.

हे मला एवढं का लागलं ते सांगते. खूप वर्षांपूर्वी एका कोर्टाच्या व्हरांड्यात माझ्या पक्षकाराला कोठडीत न्यायची वेळ आली. शिपायानं पद्धतीप्रमाणं त्याचा कमरेचा पट्टा, घड्याळ आणि पाकीट काढून घेतलं आणि जवळ जे होतं त्याच्या हातात दिलं. जवळ होता त्याचा सहा-सात वर्षांचा मुलगा. खाकी अर्धी चड्डी, पाठीला दप्तर. घड्याळ आणि पाकीट त्यानं दप्तरात टाकलं. पट्टा काही मावेना. तो त्याची गुंडाळी करायचा, ती सुटायची, पुन्हा करायचा. आत त्या दिवशी कलमांवर, जप्तीवर, कोठडीच्या दिवसांवर तासभर बोलणं झालं. हे पोरगं आज रात्री कुणाकडं झोपणार, हे एकानंही विचारलं नाही. मीसुद्धा नाही.

तुम्हाला काय वाटतं?


उसाचा_फड | रविवार, दुपारी १२:१५

ताई, राग मानू नका, पण वाचून डोकं फिरलं.

आमच्या भागात अशाच एका फर्ममध्ये माझं साडेचार लाख अडकलंय. दोन हंगामाचं ऊसबिल आणि आईच्या पाटल्या मोडलेलं पैसं. थोरलीला बी.फार्मसीला घातली होती, पहिलं वर्ष झालं आणि थांबली. आता घरात शिलाई मशीनवर बसते. तिचं हित कुठल्या कोर्टानं बघायचं? तीपण कुणाचं तरी लेकरूच हाय की.

पळून जाणाऱ्यानं विमानात बसताना पोरांचा इचार केलता का? तवा नाही केला आणि आता पोरं पुढं करायची. उद्या सगळंच म्हणतील, आमास्नी लहान पोरं हायत, आमास्नी सोडा.


शाळेची_घंटा | रविवार, दुपारी १:०५

उसाचा_फडदादा, तुमच्या लेकीचं वाचून वाईट वाटलं. ती पुन्हा शिकायला बसली पाहिजे, त्यावर वेगळं बोलू, खरंच बोलू.

पण "पोरं पुढं करायची" हे मला पटत नाही. पन्हाळा तालुक्यात एकतीस वर्षं शिकवलं. पोरगं स्वतःहून पुढं येत नाही, ते वर्गात मागच्या बाकावर जाऊन बसतं. बाप पकडला गेलेली पोरं मी पाहिली आहेत. गुन्हा बापाचा आणि मान खाली पोराची.

आपल्या शाहू महाराजांचं बघा. १९१७ साली संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं आणि मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला. ह्याचा अर्थ काय? पोर आईबापाचं आहेच, पण त्याच्याशी राजाचंही सरळ नातं आहे, मध्ये आईबाप न घेता. आईबाप चुकला तरी राज्यानं पोराला सोडायचं नाही. हे शंभर वर्षांपूर्वी ह्याच गावात कळलं होतं.


नववी_गल्ली | रविवार, दुपारी २:३०

भारतानं हेग करारावर सही केलेली नाही, त्यामुळं ही सगळी चर्चाच फोल आहे असं मला वाटतं. माझ्या मित्राच्या बहिणीची केस माहीत आहे, ती अमेरिकेतून मुलाला घेऊन आली आणि नवरा तिकडून काही करू शकला नाही.


ताराराणी_चौक | रविवार, दुपारी ३:१०

नववी_गल्ली, तो विषय वेगळा आहे. १९८० चा हेग करार एका पालकानं मूल परस्पर दुसऱ्या देशात नेलं तर त्याला परत पाठवण्याबद्दल आहे. भारत त्यात नाही हे बरोबर. प्रत्यर्पणात मुलाला कोणी मागत नाही, पालकाला मागतात. मूल नुसतं मागं राहतं. कुठल्याच कागदावर त्याचं नाव नसतं, अडचण तीच आहे.

अमेरिकेचं नाव निघालं म्हणून सांगते. तिथली न्यायालयं अशा माणुसकीच्या मुद्द्यांत शिरत नाहीत, ते परराष्ट्रमंत्र्यांनी बघायचं असं मानतात. म्हणजे आपल्यासारखंच. प्रश्न कोर्टाबाहेर ढकललेला.


नाना_कागल | रविवार, सायंकाळी ६:२०

पोलीस खात्यात चौतीस वर्षं काढली, आता निवृत्त. परदेशातून आरोपी आणायचा योग आला नाही, पण परराज्यांतून बरेच आणले.

आमच्या बाजूनं दोन शब्द. फिर्यादीच्या घरी आम्हालाच जावं लागतं. उसाचा_फड म्हणतात तसली माणसं रोज ठाण्याच्या पायरीवर बसलेली असतात. आरोपी हाती लागला की त्यांना पहिल्यांदा झोप लागते. हे विसरून चालत नाही.

आता दुसरी बाजू. कायद्यानं बाईला सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी अटक करता येत नाही, अपवाद सोडून. अटक झाली की नातेवाइकाला कळवावं लागतं. हे सगळं आम्ही पाळायचो. पण एकदा दुसऱ्या राज्यात एका घरी पहाटे गेलो. नवराबायको दोघंही आरोपी. आईला न्यायला उजाडेपर्यंत दारात थांबलो, कायदा पाळला. उजाडल्यावर फॉर्म भरताना "नातेवाइकास कळवले" ह्या ओळीवर अडलो, कारण घरात नातेवाईक म्हणून आठ वर्षांची पोरगी होती. शेवटी शेजारच्या दुकानदाराचं नाव घातलं. पोरीनं आमच्या पाच जणांसाठी पाण्याचे पेले आणून ठेवले होते. घरी कोणी आलं की पाणी द्यायचं, आईनं शिकवलेलं असणार.

परत येईपर्यंत गाडीत कोणी बोललं नाही. त्या दुकानदाराकडं ती किती दिवस राहिली ते मला आजही माहीत नाही.


पंचगंगा_ते_लीड्स | रविवार, रात्री ९:४५

मी कोल्हापूरची, लीड्सला नर्स आहे. ताई, आजींच्या प्रश्नाचं थोडं उत्तर माझ्याकडं आहे.

इथं दोन्ही पालक नसले तर १९८९ च्या चिल्ड्रन ॲक्टप्रमाणं मुलांची जबाबदारी कौन्सिलवर, म्हणजे इथल्या स्थानिक प्रशासनावर येते. आधी नातेवाईक बघतात. जवळ कोणी नसेल तर फॉस्टर घरात, म्हणजे सांभाळायला नेमलेल्या दुसऱ्या कुटुंबात ठेवतात. नातेवाईक भारतात असेल तर त्याची चौकशी होऊ शकते, घर कसं आहे, तब्येत कशी आहे, खर्च कोण करणार. त्याला वेळ लागतो. म्हणून आजींनी आत्ताच लेखी कळवून ठेवावं की मी सांभाळायला तयार आहे. त्यांना कोणी विचारायची वाट बघू नये.

दुसरं असं की मुलांचं आणि आजीचं नातं फोनवरचं असतं. माझ्या स्वतःच्या मुलाचं सांगते. तो माझ्या आईशी दर रविवारी बोलतो. आई विचारते, "जेवलास का?" तो म्हणतो, "हो." आई विचारते, "काय जेवलास?" तिथं तो माझ्याकडं बघतो. दोघांचा जीव एकमेकांत आहे, पण दोघांना जोडणारी भाषा मी आहे. मी मध्ये नसले तर? चार वर्षांच्या त्या नातीला ताप आला आणि काय दुखतंय हे तिला आजीला सांगता आलं नाही तर? कोर्टापुढं "आजी सांभाळेल" ही एक ओळ असते. ओळीत हे मावत नाही.


उसाचा_फड | सोमवार, सकाळी ७:५०

नाना, पाण्याच्या पेल्याचं वाचलं. रात्री झोप आली नाही, खरं सांगतो.

तरी माझं म्हणणं तेच. आणा त्यांना. पण ताई, एक सांगा, त्यांना आणल्याशिवाय आमचं पैसं मिळतच नाही का? आम्हाला सगळीकडं तेच सांगितलंय, आरोपी आला की पैसा येईल.


ताराराणी_चौक | सोमवार, दुपारी १:२५

दादा, हे तुम्हाला कोणीतरी आधीच सांगायला हवं होतं.

आपल्याकडं ठेवीदारांच्या संरक्षणाचा १९९९ चा महाराष्ट्राचा कायदा आहे, ज्याला सगळे एमपीआयडी म्हणतात. त्याखाली सरकार फर्मची आणि तिच्या लोकांची मालमत्ता जप्त करतं, सक्षम प्राधिकारी नेमतं, आणि विशेष न्यायालयाच्या आदेशानं विक्री करून ठेवीदारांना वाटप होऊ शकतं. आरोपी परदेशात असला म्हणून जप्ती थांबवायचं कारण नाही. रक्कम शंभर कोटींच्या वर असेल तर २०१८ चा फरार आर्थिक गुन्हेगारांचा कायदाही आहे, तो तर माणूस येत नाही म्हणून मालमत्ता घेण्यासाठीच केलेला आहे. तुमच्या प्रकरणात जप्तीची अधिसूचना निघाली का, तुमचं नाव ठेवीदारांच्या यादीत चढलं का, हे आधी बघा. मला खासगी निरोप पाठवा, मी कागद बघते. फी नको.

तुमची लेक आणि त्या आजींची नात यांना एकमेकींसमोर उभं करायचं नाही, ही माझी विनंती आहे. दोघींनाही मोठ्यांच्या सह्यांनीच इथं आणलं.

आता मला नक्की काय हवंय ते सांगते, कारण काहींना वाटतंय की मी प्रत्यर्पण थांबवा म्हणते आहे. नाही. आजींची मुलगी आणि जावई दोषी असतील तर त्यांना शिक्षा व्हायला हवी, आणि हे मी आजींनाही सांगितलं. त्या म्हणाल्या, "व्हावीच. मी काय त्याच्यासाठी आले नाही."

मला हवं आहे ते एवढंच की निर्णय देणाऱ्यानं आधी मुलांकडं बघावं. नावं, वयं, शाळा, कोण सांभाळतं, कोण सांभाळणार. हे आधी बघितलं की पुढचे मार्ग दिसायला लागतात. दोघांना एकदम न्यायचं की एकाची केस संपेपर्यंत दुसऱ्याला थांबवायचं? परीक्षा आटपेपर्यंत तारीख ढकलता येते का? आपल्याच कायद्यात कलम ३४-अ आहे. एखाद्याला परदेशी सोपवता येणार नाही असं सरकारला वाटलं तर त्याच्यावर इथंच खटला चालवता येतो. मग इचलकरंजीच्या आईचा खटला इथं का चालू नये? शिक्षा झालेल्या कैद्यांना आपापल्या देशात उरलेली शिक्षा भोगू देण्यासाठी आपण २००३ मध्ये कायदा केला, ज्या देशांशी करार आहे त्यांच्यासाठी. तोही मार्ग आधीपासून डोळ्यांपुढं ठेवता येतो. हे सगळं आहे. फक्त लहान मूल समोर दिसल्याशिवाय ते कोणी उघडत नाही.

दक्षिण आफ्रिकेचं एक प्रकरण मनात घर करून राहिलंय. तीन मुलांची एकटी आई, फसवणुकीचे गुन्हे, वारंवार. २००७ मध्ये तिथल्या घटना न्यायालयात प्रकरण गेलं. ते प्रत्यर्पणाचं नव्हतं, शिक्षेचं होतं. न्यायमूर्ती ॲल्बी सॅक्स यांनी लिहिलं की मुलाला स्वतःची प्रतिष्ठा असते, तो आईबापाचा छोटा तुकडा नसतो, आणि आईबापाबरोबर त्यानं बुडायचं किंवा तरायचं असं जन्मतः ठरलेलं नसतं. तिची उरलेली शिक्षा स्थगित केली, आणि ज्यांना फसवलं त्यांचे पैसे फेडायची अट घातली. दादा, हे शेवटचं तुमच्यासाठी मुद्दाम लिहिलं. मुलांचं बघितलं म्हणून फसलेल्यांना वाऱ्यावर सोडलं असं झालं नाही.

आपल्याकडंही असा विचार अगदीच नाही असं नाही. २००६ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयानं कैदी आयांच्या मुलांसाठी नियम घालून दिले, सहा वर्षांपर्यंत मूल आईजवळ राहू शकतं, त्याचा आहार, पाळणाघर, दवाखाना, सगळं. पण ते नियम मूल तुरुंगाच्या दारात पोचल्यावरचे. त्या आधीच्या दारात, जिथं कोणाला पाठवायचं ते ठरतं, तिथं काही नाही.


नववी_गल्ली | सोमवार, दुपारी ४:००

हेगबद्दल चुकलो होतो, समजावल्याबद्दल आभार.

एक सुचलं. उच्च न्यायालयाच्या सर्किट बेंचसाठी आपण कोल्हापूरकरांनी किती वर्षं आंदोलन केलं? वकील, पक्षकार, सगळे रस्त्यावर. मागणी हीच की आजऱ्याच्या माणसाला एका तारखेसाठी मुंबई गाठायला लागू नये. १७ ऑगस्ट २०२५ ला बेंचचं उद्घाटन झालं तेव्हा मी सीपीआर दवाखान्यासमोर गर्दीत होतो, म्हातारी माणसं रडत होती. अंतर म्हणजे काय हे आपल्याइतकं कोणाला कळणार? मग आई दिल्लीच्या तुरुंगात चौकशीसाठी ठेवलेली असताना चार वर्षांच्या पोरीनं आठवड्यातून एकदा सुटणाऱ्या निजामुद्दीन गाडीनं भेटीला जायचं, आणि पुढं तर आई समुद्रापलीकडं. चौकशी तरी जवळच्या मॅजिस्ट्रेटकडं द्यावी, नाहीतर निदान मुलांशी रोज व्हिडिओवर बोलू द्यावं.


नाव_नको | सोमवार, रात्री ११:५५

हा आयडी आजच काढला.

माझे वडील मी तिसरीत असताना आत गेले, आठवीत असताना आले. परदेशाचं काही नव्हतं, साधा इथलाच गुन्हा. मी त्यांची बाजू घेत नाही. त्यांनी केलं होतं.

लोकांना वाटतं मुलांना लाज वाटते. वाटते, पण ती नंतर. आधी कळतच नाही की काय चाललंय. आमच्या घरात ठरलं होतं की "पप्पा कामाला गेलेत" म्हणायचं. मी विचारायचो कुठं, तर आत्या म्हणायची लांब. शाळेच्या फॉर्मवर वडिलांचा व्यवसाय लिहायची जागा असायची, तिथं मी दर वर्षी वेगळं लिहिलं. एकदा ड्रायव्हर, एकदा शेती, एकदा मिलिटरी.

भेट जाळीपलीकडून. बोलायला मिनिटं मोजलेली आणि सगळे एकदम ओरडत असायचे. पुढं "गळाभेट" म्हणून कार्यक्रम सुरू झाला, मुलांना आत सोडतात, आईबापाच्या मांडीवर बसता येतं. तोवर मी मोठा झालो होतो. कोणी ठरवलं असेल ते त्याला नमस्कार आहे. पेपरात ते फोटो आले की मी पूर्ण वाचतो.

अंबाबाईच्या प्रसादाचे लाडू कळंब्याच्या कारागृहात कैदी बनवतात असं ऐकलं तेव्हा मी मुद्दाम दोन घेतले. वडील तोवर घरी आले होते. त्यांना एक दिला. ते काही बोलले नाहीत, हातात धरून बसले.

तुम्ही म्हणता ते बरोबर आहे, ताई. मला कोणीच काही विचारलं नाही.


शाळेची_घंटा | मंगळवार, सकाळी ६:३०

बाळा, तू लिहिलंस हे फार मोठं केलंस. (वयानं तू मोठा असशील, पण तिसरीतला म्हणून बाळ म्हणते.)

बाल हक्क कराराच्या बाराव्या कलमात आहे की मुलाचं म्हणणं ऐकून घ्यायचं, त्याच्या वयानुसार. मला नेहमी वाटायचं की एवढं लहान पोर काय सांगणार? तुला विचारलं असतं तर तू काय सांगितलं असतंस? नको वाटलं तर उत्तर देऊ नको.

इतर पालकांसाठी : आईबाप तुरुंगात असलेल्या मुलांना राज्याच्या बालसंगोपन योजनेतून दरमहा २२५० रुपये मिळू शकतात. जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालयात किंवा बालकल्याण समितीकडं चौकशी करा. मी स्वतः तीन मुलांचे अर्ज भरून दिले आहेत.


उसाचा_फड | मंगळवार, सकाळी ८:१०

वाचलं सगळं. ताईंना निरोप टाकलाय.

आमच्या शेतात दर हंगामाला बीडकडनं तोडणीची टोळी येते. त्यांची पोरं खोपीवर असतात, शाळा बुडालेली. आमी म्हणायचो त्यांच्या आईबापानं आणलंय, आमचा काय संबंध. त्या पोरांसाठी साखरशाळा निघाल्या तवा मग कळलं की संबंध होता. तसंच काहीतरी हे हाय.

माझं मत : आणा. पण आधी एक जण आणा. पोरांजवळ एक राहू दे. पैसं बुडिवणाऱ्याच्या पोरांसाठी मी हे लिहीन असं मला काल सकाळी कोणी सांगितलं असतं तर मी भांडलो असतो.


नाव_नको | मंगळवार, रात्री १०:२०

बाई, विचार करून लिहितो.

वडिलांना नेऊ नका, असं मी म्हटलं नसतं. मोठी माणसं आली आहेत म्हणजे नेणारच, एवढं तेव्हाही कळलं होतं. मी विचारलं असतं की गणपतीला येणार का. आणि प्रगतिपुस्तकावर सही कुणाची घ्यायची. आई निरक्षर होती, आत्या आमच्याकडं कधी असायची कधी नसायची. त्या वर्षी सहामाहीला सही मीच केली, वडिलांची बघून बघून. बाईंनी ती बराच वेळ बघितली आणि पुस्तक गठ्ठ्यात ठेवून दिलं.


ताराराणी_चौक | मंगळवार, रात्री ११:०५

आजी गुरुवारी येणार आहेत. सांभाळायला तयार असल्याचं त्यांचं पत्र तयार करते, घराची आणि तब्येतीची माहिती जोडून. लीड्सच्या ताई, मसुदा तुम्हाला दाखवीन. नातवाला काय म्हणायचं आहे ते त्यानं स्वतः लिहून द्यावं, आणि तिकडच्या वकिलानं ते कोर्टापुढं ठेवावं, असं कळवते आहे. मराठी येत नसेल तर इंग्रजीत लिहू दे, अक्षर त्याचंच असलं म्हणजे झालं.